शिलालेखाचे साल छापताना संवत्सरही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या शिलाहार राजघराण्याबद्दल हल्ली वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, गावोगावच्या कमानींवर आणि मंदिरांबाहेरच्या माहितीफलकांवर बरेच काही वाचायला मिळते. गंडरादित्य, विजयादित्य, द्वितीय भोज ही नावे शाळकरी मुलांच्याही कानावर पडू लागली आहेत, हे चांगलेच आहे. तक्रार आहे ती त्या नावांपुढे कंसात येणाऱ्या इसवी सनाबद्दल. लेखातला शक घ्यायचा, त्यात ७८ मिळवायचे आणि आकडा छापून मोकळे व्हायचे, अशी पद्धत पडून गेली आहे. आपल्या जिल्ह्यातल्या निदान तीन महत्त्वाच्या लेखांचे साल या पद्धतीने एक वर्ष पुढे जाते. चौथ्याचे साल बरोबर येते खरे, पण दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकल्यामुळे.

मुळात अडचण अशी आहे. शके १०५८ म्हणजे शकाची १०५८ वर्षे पुरी झाली, की १०५८वे वर्ष सुरू आहे? आज आपल्या भिंतीवरचे पंचांग 'गत' वर्ष मोजते. ऐहोळेच्या लेखात चालुक्य राजा पुलकेशी दुसऱ्याचा कवी रविकीर्ती ५५६ वर्षे लोटल्याचे सांगतो, तिथे ५५६ अधिक ७८ म्हणजे इ.स. ६३४ हे सरळ आहे. पण अकराव्या ते तेराव्या शतकात आपल्या भागातल्या लेखकांनी दोन्ही रीती वापरल्या. काहींनी गत वर्ष दिले, काहींनी चालू. चालू वर्ष असेल तर ७८ मिळवण्याआधी एक वजा करावा लागतो. कोणती रीत आहे हे आकड्याकडे पाहून कळत नाही. 'अतीतेषु', म्हणजे 'लोटली असता', असा शब्द असला तरी त्यावर विसंबता येत नाही, कारण चालू वर्षाचा आकडा देऊनही सवयीने 'अतीतेषु' कोरणारे लेखक सापडतात.

सोडवणूक त्याच ओळीत पुढे असते. शकामागोमाग साठ संवत्सरांपैकी एकाचे नाव दिलेले असते, आणि ते ताडून पाहायला कागद-पेन्सिल पुरते. गत शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो पहिल्या संवत्सरापासून, म्हणजे प्रभवापासून, मोजलेला क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. शके १९४७ च्या (इ.स. २०२५-२६) पंचांगावर करून पाहा: १९४७ अधिक १२ म्हणजे १९५९, ६० ने भागून बाकी ३९, एकोणचाळिसावा विश्वावसू. पंचांगात तेच नाव आहे. आता लेखातला शक घेऊन हेच गणित केले आणि लेखात दिलेले नाव आले, तर शक गत आहे. एक आधीचे नाव लेखात असेल तर शक चालू आहे. त्याहून जास्त फरक पडला तर लेख वाचण्यातच कुठेतरी घोटाळा आहे, पुन्हा दगडापाशी जावे.

आता आपल्याकडचे लेख घेऊ. गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने कवडेगोल्ल बाजारात पार्श्वनाथाची बसदी, म्हणजे जैन मंदिर, बांधली. अय्यावोळे पाचशेच्या वीर बणंजांनी, म्हणजे त्या काळच्या मातब्बर व्यापारी संघाने, तिच्यासाठी बाजारातल्या मालावर देणगी लावून दिली आणि ती रूपनारायण बसदीच्या श्रुतकीर्ती त्रैविद्यांच्या हाती सोपवली. कोल्हापूर शहरातला हा लेख व्यापाराच्या इतिहासासाठी फार मोलाचा आहे. त्याचा काळ शके १०५८, राक्षस संवत्सर, कार्तिक वद्य ५, सोमवार. सर्रास छापले जाते ते ११३६. गणित करा: १०५८ अधिक १२ म्हणजे १०७०, बाकी ५०, पन्नासावा नल. लेखात राक्षस आहे, तो एकोणपन्नासावा. म्हणजे शक चालू आहे, गत शक १०५७, आणि तारीख २८ ऑक्टोबर ११३५. त्या दिवशी सोमवारच होता आणि चंद्रही वद्य पंचमीचाच होता. ११३६ धरले तर राक्षस संवत्सर केव्हाच संपलेले असते.

कागल तालुक्यातल्या बामणीचा विजयादित्याचा लेख शके १०७३, प्रमोद संवत्सर, भाद्रपद पौर्णिमा, शुक्रवार, चंद्रग्रहण. ७८ मिळवून ११५१ येते. पण प्रमोद चौथा, आणि १०७३ चे गणित पाचवर जाते. तेव्हा हाही चालू शक, आणि तारीख शुक्रवार, ८ सप्टेंबर ११५०. खिद्रापूरच्या कोपेश्वराजवळचा यादव सिंघणाचा लेख शके ११३६, श्रीमुख संवत्सर, सूर्यग्रहण, सोमवार. माहितीपत्रके १२१४ म्हणतात. श्रीमुख सातवा, ११३६ चे गणित आठवर जाते. खरी तारीख सोमवार, २२ एप्रिल १२१३, चैत्र अमावास्या. त्या दिवशी सूर्य नेमका राहू-केतूच्या रेषेवर होता, ग्रहण होणे भागच होते.

चौथा लेख विजयादित्याचाच, कोल्हापूरचा, शके १०६५, दुंदुभी संवत्सर, माघ पौर्णिमा, सोमवार, चंद्रग्रहण. सामंत कामदेवाच्या पदरच्या वासुदेवाने बांधलेल्या पार्श्वनाथ बसदीसाठी, मामा सामंत लक्ष्मण याच्या विनंतीवरून, राजाने हाविन हेरिलगे गावात कुंडी देशाच्या काठीने मोजलेली पाव निवर्तन जमीन आणि बारा हात घर दिले. माघनंदी सैद्धांतिकांचे शिष्य माणिक्यनंदी पंडित यांचे पाय धुऊन हे दान दिले गेले. देणगी एवढीशी, पण जमिनीची काठी कुठल्या देशाची हेसुद्धा लिहून ठेवले आहे. इथे दुंदुभी छपन्नावा, १०६५ चे गणित सत्तावन्नवर जाते, म्हणजे शक चालू, गत १०६४. पण महिना माघ आहे. माघापर्यंत इंग्रजी वर्ष उलटलेले असते, म्हणून गत शकात ७८ नव्हे तर ७९ मिळवायचे. १०६४ अधिक ७९ म्हणजे ११४३, तारीख सोमवार, १ फेब्रुवारी. चालू शक ओळखला नाही आणि माघही लक्षात घेतला नाही तरी १०६५ अधिक ७८ म्हणजे ११४३ च येते! माघाचे ध्यान ठेवून चालू शक विसरणारा मात्र ११४४ वर जातो. अर्धवट काळजी घेणारा जास्त चुकतो तो असा. विजयादित्याची कारकीर्द केव्हा सुरू झाली हे ठरवताना हा लेख आधाराला घ्यावा लागतो, त्यामुळे हे वर्ष हलले की राजांची यादीही हलते.

महिन्याचा नियम थोडक्यात असा: गत शकात चैत्र ते मार्गशीर्ष ७८, माघ-फाल्गुन ७९. पौषात, आणि क्वचित माघाच्या पहिल्या दिवसांत, तारीख काढूनच ठरवावे.

हे वाचून कोणी म्हणेल, मग कोल्हापूरचे लेख सरसकट चालू शकाचे धरू आणि ७७ मिळवू. तसे केले तर दुसऱ्या बाजूने पडू. मिरजेचा शिलाहार मारसिंहाचा ताम्रपट शके ९८०, विलंबी संवत्सर, पौष शुद्ध ७, गुरुवार, उत्तरायण असा आहे. ९८० अधिक १२ म्हणजे ९९२, बाकी ३२, बत्तिसावा विलंबी. बरोबर जुळते. शक गत आहे आणि तारीख २४ डिसेंबर १०५८, त्या काळी मकरसंक्रांत डिसेंबरातच येत असे. द्वितीय भोजाचा महालक्ष्मी मंदिरातला लेखही गत शक वापरतो: शके १११२ ला साधारण संवत्सर येते आणि तेच तिथे आहे. म्हणजे पणजा मारसिंहाच्या पिढीत गत, बाप विजयादित्याच्या कारकिर्दीत चालू, लेक भोजाच्या कारकिर्दीत पुन्हा गत. एका घराण्यात एवढी उलटापालट होते, तिथे सगळ्यांना एक फूटपट्टी लावण्यात अर्थ नाही.

सगळ्यांत गमतीचे उदाहरण आजऱ्याचे. 'आजुरिका' या नावाने ते येते सोमदेव या व्याकरणकाराच्या 'शब्दार्णवचंद्रिके'त. जैनेंद्र व्याकरणावरची ही वृत्ती त्याने गंडरादित्याने बांधलेल्या त्रिभुवनतिलक जिनालयात, वीर भोजदेवाच्या, म्हणजे द्वितीय भोजाच्या, राज्यात पूर्ण केली. ग्रंथाच्या शेवटी तो शके ११२७ 'तमे', म्हणजे अकराशे सत्ताविसाव्या वर्षी, असे लिहितो. वाटते चालू शक असणार. संवत्सर दिले आहे क्रोधन, एकोणसाठावे. ११२७ अधिक १२ म्हणजे ११३९, बाकी ५९. म्हणजे शक गत, साल १२०५. बामणीत 'अतीतेषु' असून चालू, आजऱ्यात 'तमे' असून गत! शब्द बाजूला ठेवून संवत्सराकडे बघावे लागते ते यासाठीच.

या गणिताला एक मर्यादा आहे. राष्ट्रकूटांच्या नवव्या शतकापर्यंतच्या काही लेखांत संवत्सर गुरूच्या मध्यम गतीने मोजलेले आहे. ते चैत्रात न बदलता वर्षाच्या अधेमधे बदलते, त्यामुळे वरच्या नियमाने एकाचा फरक दिसू शकतो. तिथे वार आणि ग्रहण यांवर जास्त भर द्यावा. अमोघवर्षाच्या नीलगुंद लेखात मात्र शके ७८८ गत आणि व्यय संवत्सर सरळ जुळतात, साल ८६६.

वार ताडताना आणखी एक खड्डा आहे, आणि हल्ली त्यात पडणारे वाढले आहेत. १५८२ पूर्वीच्या तारखा इतिहासात जुलियन पद्धतीने देतात. मोबाइलवरची बरीच कॅलेंडरे मात्र आजचीच ग्रेगोरियन पद्धत मागे-मागे ओढत नेतात. मारसिंहाच्या काळी दोन्हींत सहा दिवसांचे अंतर होते. म्हणून अशा कॅलेंडरात २४ डिसेंबर १०५८ घातले की शुक्रवार येतो, आणि ताम्रपट खोटा ठरवायला लोक मोकळे होतात. ताम्रपटातला गुरुवार बरोबरच आहे. बाराव्या शतकात हे अंतर सात दिवसांचे होते, तिथे तर फसवणूक कळतही नाही: सात दिवस म्हणजे पुरा आठवडा, वार जुळतो आणि तिथी जुळत नाही. २८ ऑक्टोबर ११३५ ला अशा कॅलेंडरात सोमवार दिसेल, पण चंद्र शुक्ल पक्षाच्या अखेरीचा निघेल. वद्य पंचमी कुठे गेली म्हणून डोके खाजवण्यापेक्षा कॅलेंडर कुठले ते आधी पाहावे. म्हणून वार एकटा जुळून भागत नाही. वार, तिथी आणि संवत्सर तिन्ही जुळली पाहिजेत, ग्रहण दिले असेल तर तेही.

एका वर्षाने असे काय बिघडते, असे विचारणारे भेटतात. खिद्रापूरचेच घ्या. द्वितीय भोजाची कारकीर्द ११७५ ते १२१२ अशी धरतात. सिंघणाच्या प्रशस्तीत त्याला पन्हाळ्याच्या बिळातल्या भोजरूपी सर्पाला पळवून लावणारा गरुड म्हटले आहे. (शिलाहार स्वतः सुवर्णगरुडध्वज मिरवत, हे त्या कवीला ठाऊक असणारच. टोमणा चांगला आहे.) एप्रिल १२१३ मध्ये सिंघण मिरिंज देशातले गाव कोपेश्वराला देतो, म्हणजे तोवर या मुलखात यादवांचा अंमल बसलेला आहे. १२१४ छापले की शिलाहारांना वर्षभराचे आयुष्य फुकट मिळते, आणि मग त्या वर्षात भोज कुठे होता यावर कल्पनेची पतंगबाजी सुरू होते.

सालाची खातरजमा नसली की माणसांचीही अदलाबदल होते. भोज निदान चार आहेत. कनोजचा प्रतिहार मिहिरभोज नवव्या शतकातला, आदिवराह बिरुदाचा. धारचा परमार भोज अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, 'समरांगणसूत्रधार' आणि 'सरस्वतीकंठाभरण' त्याच्या नावावर. शिलाहारांचा पहिला भोज गंडरादित्याच्या आधीचा, आणि दुसरा भोज गंडरादित्याचा नातू. धारच्या भोजाचे ग्रंथ पन्हाळ्याच्या भोजाच्या खात्यावर टाकलेले मजकूर फिरताना दिसतात. सोमदेवाला धारच्या दरबारात बसवणारेही आहेत. दोघांमध्ये दीडशे वर्षांचे अंतर आहे. मारसिंहही दोन. बंकापूरला सल्लेखना घेऊन देह ठेवणारा गंग घराण्यातला, दहाव्या शतकातला. मिरजेच्या ताम्रपटातला आपला शिलाहार. नुसते 'राजा मारसिंह' लिहिले की वाचकाने कोणता समजायचा? घराण्याचे नाव आणि शक, एवढे तरी द्यावे.

अमोघवर्षाची गोष्ट वेगळ्या प्रकारची. लोकांवरचे संकट टळावे म्हणून त्याने डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीला वाहिले, हे संजानच्या ताम्रपटात, शके ७९३ मध्ये, खरोखर आहे. पण त्या श्लोकात कोल्हापूरचे नाव नाही. ही महालक्ष्मी करवीरचीच, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे आणि तो विचार करण्याजोगा आहे. तर्काला तर्क म्हणून छापावे. त्याच श्लोकात कवी अमोघवर्षाची तुलना सापाला वाचवण्यासाठी देह देणाऱ्या जीमूतवाहनाशी करतो, आणि शिलाहार स्वतःला त्याच जीमूतवाहनाचे वंशज म्हणवतात. हा योगायोग बोटाच्या गोष्टीइतकाच सांगण्यासारखा असून तो कुणी सांगत नाही.

शेवटी दगडाबद्दल. गावात शिलालेख सापडला की हौसेने त्याची अक्षरे ऑइलपेंटने भरतात, फोटो स्पष्ट यावा म्हणून. रंगवणारा जे दिसते असे त्याला वाटते ते रंगवतो. झिजलेल्या हळेकन्नड (जुन्या कन्नड) लिपीत एक फाटा इकडचा तिकडे झाला की अक्षर बदलते, आणि पुढच्या वाचकाला दगड दिसत नाही, रंगवणाऱ्याचा अंदाज दिसतो. खडू, हळद, चुना, शेंदूर, तेल यांपैकी काहीही लावू नये. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे, तारेचा ब्रश नको. अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून एका कडेने तिरपी धरावी आणि चारही बाजूंनी वेगवेगळे फोटो घ्यावेत, शेजारी मोजपट्टी ठेवून. उभी रेघ डावी-उजवीकडून उठते, आडवी वरून-खालून, म्हणून एक फोटो कधीच पुरत नाही.

ठसा घ्यायचा तर जाणत्या माणसाकडूनच, आणि संरक्षित वास्तू असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढून. दगड धुऊन त्यावर ओला कागद बसवतात, राठ ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवतात, आणि कागद अर्धवट वाळला की कापडाच्या बोळ्याने शाई टिपतात. खाचेतली अक्षरे पांढरी राहतात. कागद फार ओला असताना शाई लावली तर ती खाचेत उतरून अक्षर बुजते. फार वाळू दिला तर कागद सुटून सरकतो. मध्ये हवा राहिली तर नसलेली वेलांटी उमटते. वाचताना शक आधी शब्दांत वाचावा, आकड्यांचा उपयोग पडताळ्यापुरता. बामणीच्या लेखकाने शब्दांत शक सांगून पुढे 'अंकांतही' म्हणून १०७३ कोरले, ते वाचणाऱ्यांवर उपकारच आहेत.

आपल्याकडे अशा लेखांचा मजकूर आला तर संपादकीय विभागाने लेखकाकडून शक, संवत्सर, महिना, तिथी आणि वार एवढे मागून घ्यावे आणि इसवी सनाच्या आधी ते छापावे, ही विनंती. नमुना असा: 'शके १०५८ (चालू), राक्षस संवत्सर, कार्तिक वद्य ५, सोमवार, २८ ऑक्टोबर ११३५'. एक ओळ वाढते. ज्या लेखाचा संवत्सर झिजून गेला आहे आणि वार-तिथीही लागत नाही, तिथे '११३५-३६' असे दोन्ही साल द्यावे. माहितीफलक नव्याने रंगवणाऱ्या ग्रामपंचायतींनी खिद्रापूरपासून सुरुवात केली तरी चालेल, तिथे बदलायचा आकडा एकच आहे.

आपले,
शिलालेखांचे काही अभ्यासक,
कोल्हापूर